बुजलेली नळी

पाहुण्यांकडे जाताना कोणी केळी नेतं, कोणी बिस्किटाचा पुडा नेतं. आमच्या शेजारचे शमुवेलकाका साळवे नळी नेतात. वीतभर लांबीची, जुन्या पाण्याच्या लाइनीतून कापलेली लोखंडी नळी, आतून पांढऱ्या खारानं गच्च बुजलेली. बारसं असो, साखरपुडा असो, की आमच्या शाळेचं गॅदरिंग असो, काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत नट आवळायचे दोन पाने, एक पकड आणि ही नळी असतेच. चहा येईपर्यंत काका गुमान बसतात. चहा आला की पिशवीत हात घालतात, आणि इकडे मार्थाकाकू कपाळाला हात लावतात.

"याच्यातून पाहा," काका नळी समोरच्याच्या डोळ्याला लावून म्हणतात. "काय दिसते?"

"काहीच नाही दिसत."

"नाहीच दिसनार! रोजच्या पापाचं असंच असते."

झालं. पोहे गार होतात.

काका मूळचे नळफिटर. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाण पट्टा आहे, तिथलं पाणी एवढं खारट, की नळ्या आतून हळूहळू भरत जातात. बाहेरून रंग मारलेला, सगळं झकास. आत पांढरा थर. काकांनी उमेदीची सगळी वर्षं असल्या नळ्या कापण्यात आणि बदलण्यात घातली. त्यातून त्यांना बायबलमधल्या पापाचा अर्थ जसा लागला, तसा आमच्या मलकापुरात चर्चच्या कोण्या पाळकालाही लागला नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

"एकदा पाप झालं, मानूस रडला, देवापुढं कबूल केलं, धुतल्या गेलं," काका सांगतात. "पन तेच पाप रोज कराचं, अन् रोज म्हनाचं की येवढ्यानं काय होते, त्याचा खार धरते वो! पह्यले धार बारीक होते. मंग थेंब थेंब. मंग एका दिवशी देव वरून पानी सोडून राह्यला असते, अन् आपल्या घरात थेंब नाही. आपन म्हनतो, देवानं पानी बंद केलं!"

देवानं सांगूनही गुलामांना सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या फारो राजाची गोष्ट ते अशी सांगतात, जसा काही तो आमच्याच गल्लीत भाड्यानं राहात होता. "फारोचं मन काय एका दिवसात दगड झालं? नाही. आज नाही म्हन्लं, थोडा खार. उद्या नाही म्हन्लं, अजून थोडा. शेवटी त्याले हो म्हनाचं होतं तरी म्हनता येत नव्हतं. नळीच बंद!"

मी शाळेत मास्तरीण. आम्ही बौद्ध, त्यामुळे पाप, प्रायश्चित्त, फारो या मंडळींशी माझा तसा काही संबंध नाही. पण काकांची आणि आमची भिंत एक आहे, आणि भिंत पातळ आहे. माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. कोणाचा फोन आला की हा खाटेवर लोळत सांगतो, "निघालो ना! हे काय, नांदुऱ्यापर्यंत आलो." लगेच भिंतीपलीकडून आवाज येतो, "मास्तरीण, तुह्या नवऱ्याले खार धरून राह्यला!" तेव्हापासून नवरा फोन आला की मोरीत जाऊन खोटं बोलतो.

चर्चमध्येही तीच तऱ्हा. पाळकसाहेब एकदा सांगत होते, की देव सगळ्या पापांची क्षमा करतो. काका मधल्या बाकावरून उठून उभे. "साहेब, क्षमा करते हे बराबर हाये. पन आधी सोडलं पाह्यजे, हे बी सांगा. नाही तं लोक नळ चालू ठेवून पोतेरं मारत बसतील." पाळकसाहेब तरुण, नगरकडचे. वऱ्हाडी माणूस चालू प्रवचनात बोलतो, हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. मार्थाकाकू मला म्हणाल्या, "सगळ्याहीचा येशू सुतार होता. याहीचा तेवढा नळफिटर."

आता पपईचं सांगते, कारण खरी गंमत तिथंच आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांना मिळतो. त्या दिवशी काका पांढरा शर्ट घालतात, दारच्या झाडाची एक पिकलेली पपई काढतात आणि अर्पण म्हणून चर्चमध्ये नेतात. त्यांच्या चर्चमध्ये शेतातलं, परसातलं काहीबाही वाहायची रीतच आहे. काका पपई वेदीजवळ नेतात, ठेवतात, आणि प्रभुभोजन सुरू व्हायच्या आत मागे वळून थेट दाराबाहेर पडतात. चपला घालतात आणि चालू लागतात.

का, तर त्यांच्या शास्त्रात सांगितलंय म्हणे, की तू अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन वाहा. बाकीचे लोक हे ऐकतात आणि मान हलवतात. काका उठून जातात.

पुढं अडचण अशी, की समेट होईपर्यंत पपई वाहिलेली धरता येत नाही. वाहिली नाही म्हणजे चर्चला घेता येत नाही. आणि ठेवली तर सडते. पाळकसाहेब बिचारे संध्याकाळी ती मार्थाकाकूंकडे पोचवतात. काकू म्हणतात, देवासाठी काढलेली मी कशी खाऊ? मग ती भिंतीवरून आमच्याकडे येते. देवाला न पोचलेल्या किती पपया आम्ही खाल्ल्या असतील, तोच जाणे. गोड असतात, खोटं कशाला बोलू.

काका उन्हं उतरल्यावर घरी येतात, हातात पेरू नाही तर केळी. "झाला का समेट?" काकू विचारतात. "पुढच्या महिन्यात," काका म्हणतात.

काकांचा धाकटा भाऊ तीमथ संग्रामपूरला राहतो, एवढंच मला माहीत होतं. मला वाटायचं, काका जातात, भाऊ दारात उभं करत नसेल, परत येतात. मनातल्या मनात त्या तीमथला मी पुष्कळ नावं ठेवली होती.

मग एका पहिल्या रविवारी मी बहिणीकडे निघाले होते, नांदुऱ्याला गाडी बदलायला उतरले, तर स्टँडसमोरच्या रफीकभाईंच्या चहाच्या टपरीवर आमचे काका! पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, नजर रस्त्याच्या मातीवर. मी हाक मारणार तेवढ्यात संग्रामपूरची गाडी लागली. काका उठले. चप्पल सारखी केली. दोन पावलं गेले. लोक चढले, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. काका परत बाकड्यावर बसले.

मी आडून रफीकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "चाचा? अवो बाई, हर म्हैन्याले येते. गाडी लागली की उठते, गाडी गेली की बसते. मीनं एकदा विचारलं, चाचा, जाचं कुठं हाये? तं म्हने, भावाकडं. मी म्हन्लं, मंग जा ना! तं मलेच नळी दाखवली."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काकांना न भेटताच मी पुढच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी मार्थाकाकूंना भिंतीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. काकू लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मास्तरीण, आमच्या सासूबाई तीमथभावजींकडंच राहात होत्या. मे महिना होता. सकाळी गेल्या. भावजींनं याहीले फोन केला. हे तिकडं कोनाच्या तरी टाकीवर चढेल होते. म्हने, येवढा जोड बसवतो न् निघतो. संग्रामपूरचं ऊन तुले माहीत हाये. भावजींनं वाट पाह्यली, मंग अजून पाह्यली. बर्फ आनला, तो बी वितळला. शेवटी लोक म्हनाले, आता ठेवता येत नाही. पेटी बंद केली. हे पोचले तं खिळे ठोकून झाले होते."

"तोंड पाहायला नाही मिळालं?"

"नाही. माती करून परत आले ते एकच वाक्य धरून. तीमथनं मले माईचं तोंड पाहू देलं नाही. झालं, बोलनं बंद. इतकी वर्षं झाली. भावजींनं फोन करून पाह्यले, मानसं पाठवून पाह्यली. नाही म्हनजे नाही."

"पण उशीर तर काकांनाच..."

"हाव. मले माहीत हाये. त्याहीले बी माहीत हाये. पन ते तोंडातून निघत नाही त्याहीच्या." काकूंनी लसणाची टरफलं फुंकली. "अन् ती नळी हाये ना, ती त्याच दिवशी त्या टाकीची काढली होती. पिशवीत तशीच राह्यली, तशीच मातीले गेली. लोकाहीले दाखवत हिंडतात. दाखवाची कोनाले हाये, ते मले समजते."

इतके दिवस ज्या माणसाची आम्ही नक्कल करून हसत होतो, त्याचं हे असं.

"आता वेगळंच झालं," काकू म्हणाल्या. "भावजींच्या सुनेचा फोन आलता. शुगरनं भावजींचे डोळे चालले. एक तं गेलाच. दुसऱ्याले उजेड तेवढा समजते. म्या याहीले सांगतलं, तं हे उठून चपला पुसत बसले." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माह्या गुडघ्यानं गाडीत चढवत नाही. तू जाशील का याहीच्या सोबत? म्या म्हन्लं तं भांडतात. तुह्यासमोर लाजतील तरी."

पुढच्या पहिल्या रविवारी मी चर्चच्या फाटकापाशी पर्स घेऊन उभी. काका पपई ठेवून बाहेर आले.

"काऊन वो मास्तरीण? इकडं कुठं?"

"चला काका, मले बी तिकडंच जाचं हाये."

"तिकडं म्हनजे कुठं?"

"तुम्ही जाता तिकडं."

काका समजले. नांदुऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. एरवी एवढ्या वेळात त्यांनी कंडक्टरला फारो सांगून झाला असता.

नांदुऱ्याला रफीकभाईंनी न सांगता चहा ठेवला. मी काकांच्या शेजारी बसले. फाल्गुनातलं ऊन, स्टँडवर टरबुजांचे ढीग. संग्रामपूरची गाडी आली. काका उठले. चप्पल सारखी केली. दोन पावलं गेले. थांबले.

"पुढच्या महिन्यात जाऊ मास्तरीण. आज पोट बराबर नाही."

मला इतका राग आला! माझा काय संबंध, पण आला. वर्गातल्या पोरांवर येतो तसा.

"त्याहीचे डोळे पुढच्या महिन्यापर्यंत थांबनार हायेत काय?" मी म्हणाले. "काका, वाईट नका वाटून घेऊ. साऱ्या गल्लीले तुम्ही सांगता, आज तुम्हालेच सांगते. तुम्हाले खार धरला."

रफीकभाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. काकांना हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मलाही वाटलं, जीभ जरा जास्तच सुटली. म्हातारा माणूस, आता रडतो की काय.

काकांनी पिशवीत हात घातला. नळी काढली. आणि पहिल्यांदाच ती स्वतःच्या डोळ्याला लावली. भर स्टँडवर, टरबूजवाल्यांच्या देखत, बराच वेळ लावून उभे राहिले. गाडीनं हॉर्न दिला.

"ओ उस्ताद, रुको!" रफीकभाई गाळणी घेऊनच गाडीपुढं धावले. "चाचा येऊन राह्यले! अवो, आज चाचा येऊन राह्यले!"

पूर्णेचा पूल ओलांडला तसे काका बोलायला लागले. तीमथला लहानपणी मोठ्या आवाजाची भीती वाटायची, फटाके वाजले की तो दादाच्या सदऱ्यात तोंड घालायचा. दोघं एकाच सायकलवरून शाळेत जायचे, तीमथ पुढच्या दांडीवर. माई दोघांना एकाच ताटात वाढायची आणि भांडले की ताट उचलून न्यायची. हे सगळं ते मला सांगत नव्हते, समोरच्या सीटला सांगत होते. दूर सातपुडा निळा दिसायला लागला. संग्रामपूर आलं तेव्हा काकांनी पिशवी खांद्याला लावली.

तीमथ साळव्यांचं घर बाजाराच्या मागं, दोन खोल्यांचं, पुढं कडुनिंब. दार उघडं होतं. आम्ही अंगणात पाऊल टाकलं, आणि दार धाडकन बंद झालं.

काका जागच्या जागी उभे राहिले.

"पाह्यलं मास्तरीण? पाह्यलं? त्यानं दार लावलं."

"काका, वाऱ्यानं लागलं!"

"नाही. त्यानं पाह्यलं मले. अन् लावलं." काका माघारी वळले. "चाल. तेव्हा बी त्यानं असंच..."

"त्याहीले दिसत नाही, काका!" मी ओरडलेच. "दिसत नाही त्याहीले! कोन आलं ते कसं पाहातील?"

तेवढ्यात आतून आवाज आला. म्हातारा, पण मोकळा आवाज. "कोन हाये? ढकला दार. हवेनं लागून जाते ते. कोनी लावत नाही."

काका तिथंच उभे होते. हवेनं लागून जाते, कोनी लावत नाही. हे वाक्य त्यांच्या कानात कुठवर गेलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते हळूच पुढं झाले, दार ढकललं, आणि फिटर माणसाच्या सवयीनं आधी दाराकडंच पाहिलं. दार पुन्हा आपटायला आलं. काकांनी पिशवीतून नळी काढली आणि दाराखाली टेकण म्हणून सारली. दार थांबलं.

आत खाटेवर तीमथकाका बसले होते. अंगात बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा. नळी काढताना पिशवीतले पाने एकमेकांवर वाजले होते. त्या आवाजानं त्यांची मान वर झाली.

"दादा?"

काका उंबऱ्यातच थांबले.

"दादा, तूच हायेस. तुह्या पिशवीतल्या पान्याहीचा आवाज हाये तो. इकडं ये."

काका खाटेपाशी जाऊन खालीच बसले, फरशीवर. तीमथकाकांनी हात पुढं केले आणि चाचपत चाचपत भावाचं तोंड हातात घेतलं. कपाळ, नाक, बसलेले गाल. हनुवटीवर बोटं थांबली.

"अबे, हे तं माईचं तोंड हाये," ते म्हणाले. "लहानपनापासून लोक म्हनत होते ना, शमू माईवर गेला." मग बोटं तशीच ठेवून म्हणाले, "मीनं तुले माईचं तोंड एक डाव नाही दाखवलं, दादा. माहं चुकलं, थांबाले पाह्यजे होतं. पन तूनं मले इतकी वर्षं नाही दाखवलं. अन् आता आला तं मले दिसत नाही."

माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. मी दारात येऊन कडुनिंबाकडं बघत राहिले. मागून काकांचा हुंदका आला. लहान पोरासारखे रडत होते.

"तुहं नाही चुकलं रे," काका म्हणत होते. "तुहं काहीच नाही चुकलं. म्याच उशिरा आलो. जोड बसवत बसलो, तीमथ. माय मेली अन् मी जोड बसवत बसलो. म्याच उशिरा आलो. तेव्हा बी, अन् आता बी."

तीमथकाकांनी चाचपत भावाचा दंड धरला.

"हाव," ते म्हणाले. "बस वर. पानी पे आधी."

सुनेनं तांब्या आणला. संग्रामपूरचं पाणी, घोटभर मीही प्यायले, चांगलंच खारट होतं. काकांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

चहा झाला. दोघं म्हातारे एका खाटेवर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि सून दोघांना एकाच ताटात वाढू का, म्हणून विचारत होती. एकाएकी काकांना काहीतरी आठवलं. ताडकन उठले.

"मास्तरीण, फोन लाव! मार्थाले फोन लाव लवकर!"

मी घाबरून लावला. काका फोन कानाला न लावता त्याच्यावर ओरडले, "मार्था! पाळकसाहेबाले सांग, पपई तिथंच राहू द्या म्हना! म्या आज इथंच मुक्काम करतो, उद्या येऊन वाहतो! अन् ऐक, मास्तरनीच्या घरी धाडू नको वो ती!"

हे माझ्यासमोर, माझ्याच फोनवर.

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. मी फोन कानाला लावला. काकू होत्या. नुसता श्वास ऐकू येत होता, मधूनच नाक ओढल्याचा आवाज.

"काकू?"

"त्याहीले म्हन," काकू कशाबशा म्हणाल्या, "रात्रीची बीपीची गोळी शर्टाच्या खिशात ठेवेल हाये."